उन्हाळी सत्राचे आठ आठवडे

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रात ‘उन्हाळी’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी येतो तो परीक्षेला जोडूनच. वर्षात दोन परीक्षा, एक हिवाळी आणि एक उन्हाळी. ‘हिवाळीत राहिलेला विषय उन्हाळीत काढला’ हे वाक्य बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर यांपैकी कोणत्याही गावच्या बसस्थानकावर कानी पडावे इतके सर्वसाधारण आहे. परीक्षा उन्हाळी असते, पण तिच्यात नापास झालेल्याला उन्हाळ्यात कोणी शिकवत नाही. परीक्षा आटोपली की महाविद्यालयाचे फाटक लोटले जाते आणि राहिलेला विषय बरोबर घेऊन विद्यार्थी गावी परततो. विदर्भातच, नागपूरच्या व्हीएनआयटीमध्ये किंवा मुंबईच्या आयआयटीमध्ये मात्र सुट्टीच्या काळात एक छोटे सत्र भरते. नियमित सत्रात अडखळलेल्या विद्यार्थ्याला तोच विषय पुन्हा शिकून, पुन्हा परीक्षा देऊन वर्ष वाचविण्याची संधी त्यात मिळते. ही सोय आजवर प्रामुख्याने केंद्रीय आणि स्वायत्त संस्थांपुरती राहिली. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला ती ऐकूनही माहीत नसते.

डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी शिक्षणासाठी नवा अभ्यासक्रम व श्रेयांक आराखडा जाहीर केला आणि त्यात उन्हाळी सत्राला स्पष्ट स्थान दिले. उन्हाळी सुट्टीतील आठ आठवडे हा त्याचा अवधी. या काळात दोन प्रकारची कामे करता येतील असे आराखडा सांगतो. ज्यांना पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबवायचे आहे त्यांनी व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता, म्हणजे व्यवहारात ज्याला इंटर्नशिप म्हटले जाते ती, पूर्ण करावी. शिवाय नियमित विषयही जलदगतीने शिकवता येतील, जेणेकरून मागे राहिलेल्यांना ते सोडवता येतील आणि पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांना जादा विषय घेता येतील. यांतील कोणते विषय शिकवायचे हे शिक्षकांची उपलब्धता आणि विद्यार्थिसंख्या पाहून संस्थेने ठरवायचे आहे. मेख या शेवटच्या वाक्यात आहे. तिच्याकडे पुढे वळू.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तेव्हापासून उन्हाळी अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थ्यांत एक गैरसमज पसरलेला दिसतो, तो आधी दूर केलेला बरा. हा अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा नाही. जो विद्यार्थी पहिल्या वर्षातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन १२० श्रेयांकांची तीन वर्षांची पदवी घेणार आहे, त्याला बाहेर पडण्यासाठीचे हे उन्हाळी चार श्रेयांक मिळवण्याचे बंधन नाही. त्याच्या पदवीत क्षेत्रकार्य वा आंतरवासिता वेगळी येऊ शकते, पण ती पदवीच्या आराखड्यातच धरलेली असते. उन्हाळ्यातील चार श्रेयांकांचा प्रश्न येतो तो मधेच थांबणाऱ्यांसाठी.

मधेच थांबणाऱ्यांचा नियम असा आहे. पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक मिळवून शिक्षण थांबवणाऱ्यास पदवीस्तरीय प्रमाणपत्र मिळू शकते. दुसऱ्या वर्षाअखेर ८० श्रेयांक मिळवून थांबणाऱ्यास पदविका मिळू शकते. दोन्ही ठिकाणी अट एकच, त्या त्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पूर्ण झालेला असला पाहिजे. तो झाला नसेल तर मिळवलेले श्रेयांक नोंदीत राहतात, प्रमाणपत्र मात्र मिळत नाही. असा विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू करू शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकतो. पूर्वी ‘बी. ए. भाग एक उत्तीर्ण’ एवढी एक गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी ठेवून जी माणसे शिक्षणातून बाहेर पडली, त्यांच्या तुलनेत ही व्यवस्था निःसंशय माणुसकीची आहे.

पण ही व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरते. शिक्षण थांबवणे हा विद्यार्थ्याने विचारपूर्वक घेतलेला आणि वेळेत कळवलेला निर्णय असतो, असे ती मानते. बुलढाणा जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे खरे असेल? मोताळा किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या गावातून रोज एसटीने ये-जा करणारी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. बारावीनंतर एक वर्ष शिकली, अठरा वर्षे पूर्ण झाली. मार्चमध्ये पाहुणे येऊन जातात, उन्हाळी परीक्षेच्या मधल्या रविवारी साखरपुडा होतो, मेमध्ये लग्न. ‘मी पहिल्या वर्षानंतर बाहेर पडू इच्छिते’ असा अर्ज ती कधीच करत नाही, कारण सासरचे लोक पुढे शिकवतील असे तिला सांगितलेले असते, आणि क्वचित ते खरेही असते. जुलैमध्ये दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू होतात तेव्हा ती आली नाही एवढेच महाविद्यालयाला कळते. मुलांच्या बाबतीत निमित्त वेगळे असते. कोणी पुण्या-नाशिकच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जातो, कोणाच्या वडिलांना जमत नाही म्हणून शेत अंगावर येते, कोणी पोलीस भरतीच्या तयारीला लागतो. शिक्षण सोडण्याचा निर्णय असा कुठल्या अर्जावर नोंदलेला नसतो. तो उन्हाळ्यात आपोआप घडून जातो.

म्हणूनच या जिल्ह्यापुरते तरी चार श्रेयांकांच्या उन्हाळी अभ्यासक्रमाकडे ‘बाहेर पडणाऱ्यांसाठीची औपचारिकता’ म्हणून पाहणे चूक ठरेल. पहिल्या वर्षाच्या ज्या विद्यार्थ्याला पुढच्या जुलैची खात्री नाही, त्याने तो विम्यासारखा करून ठेवावा हे अधिक शहाणपणाचे. पुढे शिक्षण चालू राहिले तर हे चार श्रेयांक पदवीच्या १२० मध्ये धरले जातीलच असे नाही. त्या अर्थाने हप्ता वाया जाऊ शकतो. पण शिक्षण थांबलेच, तर एक वर्षाचे कष्ट कागदावर उतरलेले राहतात. दोन वर्षांनी परत यावेसे वाटले, तर कुठून सुरुवात करायची हेही ठरलेले असते.

या चार श्रेयांकांना वेळ किती द्यावा लागतो? एक श्रेयांक म्हणजे वर्गातील अध्यापनाचे १५ तास. प्रात्यक्षिक, क्षेत्रकार्य किंवा आंतरवासिता असेल तर ३० तास. चार श्रेयांकांचे प्रात्यक्षिक काम म्हणजे १२० तास झाले. ते आठ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला १५ तास, म्हणजे रविवार सोडून रोज अडीच तास. सकाळी साडेसातला सुरू केले तर दहा वाजता विद्यार्थी मोकळा. चार श्रेयांकांचा निव्वळ वर्गात शिकवायचा विषय असेल तर एकूण तास ६०, म्हणजे रोज सव्वा तास, आणि घरचा अभ्यास वेगळा. हे आकडे पाहिले की दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे ही अशक्य कोटीतील गोष्ट नाही. दुसरी अशी, की ‘पंधरा दिवसांत चार श्रेयांक’ अशी जाहिरात कोणी केली तर १२० तासांसाठी रोज आठ तास काम करावे लागेल, ते खरोखर होणार आहे का हे विचारण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे.

जलदगतीच्या विषयांना मर्यादाही हीच. नियमित सत्रात पंधरा आठवडे रुजत जाणारा विषय आठ आठवड्यांत संपवायचा तर रोजचा धडा जवळजवळ दुपटीचा होतो, आणि दोन दिवस लग्नाला गेलेला विद्यार्थी चार दिवस मागे पडतो. गणित, सांख्यिकी, लेखाकर्म असे पायरीपायरीने चढणारे विषय यात विशेष त्रास देतात. एका उन्हाळ्यात दोनपेक्षा अधिक विषय अंगावर घेऊ नयेत. त्यातही एक सोपा असावा.

उन्हाळी वर्ग ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची उन्हाळी शाळा १८७१ सालची, आणि आरंभी तिचा उद्देश शाळाशिक्षकांना सुट्टीत वनस्पतिशास्त्रासारखे विषय प्रत्यक्ष शिकता यावेत हा होता. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झाले तेव्हाच त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी वर्षाचे चार भाग पाडून उन्हाळ्यालाही पूर्ण सत्राचा दर्जा दिला. आज तेथे शिकणारी मराठी घरांतील मुले सुट्टीत घराजवळच्या स्वस्त ‘कम्युनिटी कॉलेज’मध्ये एखादा विषय पूर्ण करतात आणि त्याचे श्रेयांक आपल्या विद्यापीठात वळते करून घेतात. आपल्याकडे २०२१ साली सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीमागे, म्हणजे ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मागे, हीच वळती करण्याची कल्पना आहे. फरक असा, की तेथील उन्हाळा हा वर्षातला सर्वांत सुखाचा ऋतू. आपल्याकडे सुट्टी जन्माला आली तीच उन्हापायी.

बुलढाणा जिल्ह्यात तर एकाच मे महिन्याची दोन रूपे दिसतात. येथील माणूस आपला भूगोल दोन शब्दांत सांगतो, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा पठारावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर आणि खामगाव-मोताळ्याचा बराचसा प्रदेश पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरलेला. घाटाखाली पारा ४३-४४ अंशांपुढे जातो तेव्हा उंचावरच्या बुलढाणा शहरात संध्याकाळी वारा सुटलेला असतो. विदर्भातले थंड हवेचे ठिकाण ही त्याची ओळख अगदीच पोकळ नाही. विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा जूनमध्ये उशिरा उघडतात त्या याच उन्हामुळे. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकावर बेतलेले अकरा ते पाचचे उन्हाळी वर्ग येथे चालणार नाहीत. सकाळचे अडीच तास, एवढेच येथे शक्य आहे.

सकाळच्या वर्गाला पोहोचायचे कसे, हा त्यानंतरचा प्रश्न. मुंबई-हावडा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा घाटाखालून जातो आणि जलंबहून एक छोटा फाटा खामगावला पोहोचतो. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही. त्यामुळे सारी भिस्त एसटीवर. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्म्या भाड्याची सवलत मिळाल्याने विद्यार्थिनींचा प्रश्न काहीसा हलका झाला. मुलांना सवलतीचा पास मिळतो तो महाविद्यालयाच्या दाखल्यावर. उन्हाळी सत्र भरवणाऱ्या महाविद्यालयाने एप्रिलमध्येच आगाराशी बोलून हे दाखले आणि सकाळच्या फेऱ्या यांची व्यवस्था लावून घेतली नाही, तर वर्ग जाहीर होतील आणि बाकडी रिकामी राहतील. वसतिगृहांचेही तसेच. सुट्टी लागली की खोल्या रिकाम्या करून घेण्याची सर्वसाधारण प्रथा आहे आणि त्यामागे पाणीटंचाईचे खरे कारण असते. येळगाव धरणाच्या साठ्याकडे डोळे लावून बसणाऱ्या बुलढाणा शहराला ते समजावून सांगायला नको. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांतून आलेल्या विद्यार्थ्याला वसतिगृह नसेल तर उन्हाळी सत्रही नाही.

शहरी वाचकाला सुट्टी म्हटली की मोकळा वेळ आठवतो. येथे तसे नाही. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी झाली आणि पाऊसपाण्याचे भाकीत गावोगाव पोहोचले की खरिपाची तयारी अंगावर येते. नांगरट झालेल्या रानात वखराच्या पाळ्या, काडीकचरा वेचणे, बियाण्याची जुळवाजुळव, यांत घरचा शिकता मुलगा हा हिशेबात धरलेला हात असतो. ज्यांना शेत नाही त्यांची मुले लग्नसराईत वाढपी होतात, मंडप बांधतात, दुकानात उभी राहतात. पुढच्या वर्षाचे शुल्क त्यातून निघते. अशा मुलाला आठ आठवडे वर्गात बसवण्याची किंमत शुल्कापेक्षा मोठी आहे, कारण तेवढी मजुरी बुडते. सकाळी दहापर्यंत वर्ग संपवण्याचा आग्रह उन्हासाठी जितका, तितकाच यासाठी.

असे असले तरी मे महिना या जिल्ह्यात अभ्यासाला नुसताच अडसर आहे असे मानण्याचे कारण नाही. उन्हाळ्यातच करता येतील आणि शिकणाऱ्याला पुढे उपयोगी पडतील अशी कामे येथे भरपूर आहेत, फक्त ती श्रेयांकांत बसवून दाखवणारे कोणी हवे. माती परीक्षणासाठी नमुना घेण्याची योग्य वेळच मुळी रान मोकळे असतानाची. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावातील शेतांतून शास्त्रशुद्ध पद्धतीने नमुने घ्यावेत, सामू आणि क्षारता मोजावी, अहवाल शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत लिहावा. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याची लगबगही याच दिवसांतली. ओल्या गोणपाटात मोजून शंभर दाणे ठेवायचे, मोड आलेले मोजायचे, आणि सत्तरपेक्षा कमी उगवले तर पेरताना बियाण्याचे प्रमाण वाढवायचे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा सोपा आणि यापेक्षा महत्त्वाचा प्रयोग मिळणार नाही. घरच्याच बियाण्यावर केला तर त्या प्रयोगाच्या निकालावर घराचा हंगाम ठरतो. बुलढाणा आणि जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रे अशा कामाला मार्गदर्शन देऊ शकतात.

घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचा अभ्यास करायचा तर मे महिन्यासारखा महिना नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ज्या महिन्यांत मोजते त्यांत मे येतोच, कारण पावसाआधी विहीर किती खोल गेली हे तेव्हाच कळते. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील दहा विहिरी दर आठवड्याला मोजल्या तरी जूनअखेर एक बरा अहवाल हाती येईल. वाणिज्य शाखेसाठी पतसंस्था आहेत. १९८६ साली सुरू झालेल्या बुलढाणा अर्बनपासून तालुक्याच्या गावातील छोट्या संस्थांपर्यंत सहकारी पतपेढ्यांचे जाळे हे या जिल्ह्याचे वैशिष्ट्य. ३१ मार्चला वर्ष संपले की ताळेबंद आणि लेखापरीक्षणाची कामे याच महिन्यांत चालतात. खामगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने आहेत, डाळमिल आहेत. सरकी-रुईच्या गिरण्यांचा हंगाम मात्र मेपर्यंत उरकलेला असतो, तेव्हा तेथे जाऊन रिकामी यंत्रे पाहण्यात अर्थ नाही. आंतरवासिता कागदावरच उरकून शिक्का मारून घेण्याची वाट नेहमी उघडी असते. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांतील उन्हाळी औद्योगिक प्रशिक्षणाच्या बाबतीत हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे.

आता त्या मेखेकडे. शिक्षक उपलब्ध असतील तर वर्ग, असे आराखडा म्हणतो. दीर्घ सुट्टी हा महाविद्यालयीन शिक्षकांच्या सेवाशर्तींचा भाग आहे आणि उत्तरपत्रिका तपासण्याचे काम त्याच काळात येते. दुसरीकडे, अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षक वाहतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधन नाही. उन्हाळी सत्राचे ६० किंवा १२० तास या शिक्षकांना रीतसर मानधन देऊन सोपवले तर विद्यार्थ्यांची आणि त्यांची, दोघांचीही निकड भागेल. त्यासाठी पैसा कोठून यावा? सारा भार उन्हाळी शुल्काच्या रूपाने विद्यार्थ्यांवर टाकला तर ज्यांच्यासाठी ही सोय आहे तेच बाहेर राहतील. तालुक्यातील दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक वर्ग चालवणे हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग वाटतो. एका महाविद्यालयात सांख्यिकीत अडलेले सात विद्यार्थी असतील, तीन महाविद्यालयांत मिळून वीस होतील, आणि वीसांसाठी वर्ग उघडता येतो.

मागे राहिलेल्या विषयांच्या बाबतीत तर अशा वर्गाची गरज अधिकच आहे. एटीकेटीच्या सवलतीमुळे विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो, पण राहिलेला विषय त्याला पुन्हा शिकवला जात नाही. त्याला मिळते ती पुन्हा परीक्षा. पुढच्या सत्राचे पाच-सहा विषय सांभाळत, एकट्याने, मागच्या वर्षीच्या ‘अपेक्षित प्रश्नसंचा’वर भिस्त ठेवून तो तिसऱ्यांदा बसतो. पहिल्या खेपेला जे कळले नाही ते कोणी न शिकवता तिसऱ्या खेपेला कळेल, हा आशावाद व्यवस्थेने कशाच्या बळावर बाळगला आहे कोण जाणे. अर्थात उन्हाळी वर्ग झाला तरी त्याची परीक्षा त्याच उन्हाळ्यात होत नसेल, तर विद्यार्थ्याला हिवाळीपर्यंत थांबावेच लागेल. वर्गाबरोबर परीक्षेचीही तारीख जाहीर झाली असेल तरच शुल्क भरावे.

या सगळ्याची वाट न पाहता जे ‘समर क्लासेस’ जिल्ह्यात दरवर्षी जोमाने भरतात, ते खासगी आहेत. एप्रिल उजाडला की बुलढाण्याच्या आणि खामगावच्या भिंतींवर इंग्रजी संभाषण, टॅली, एमएस-सीआयटी, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा अशा जाहिराती लागतात. त्यांना सरसकट नाके मुरडण्याचे कारण नाही. लिपिकाच्या पदासाठी मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्दांचे किंवा इंग्रजी ४० शब्दांचे शासकीय प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळवायला सुट्टीतील रोजचा एक तास चांगलाच सार्थकी लागतो. पण या वर्गांचे प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचे श्रेयांक यांची गल्लत होऊ देऊ नये. संस्थेच्या मालकाने ‘आमचे सर्टिफिकेट नव्या धोरणात चालते’ असे सांगितले, तर ते आपल्या महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. श्रेयांक खरे असतील तर ते विद्यार्थ्याच्या श्रेयांक पेढीतील खात्यावर उमटतात. तेथे उमटले नाहीत, तर भिंतीवर लावायला एक चौकट तेवढी मिळाली असे समजावे.

अभ्यासात पुढे असलेल्यांसाठी उन्हाळी शिक्षणाचा आणखी एक प्रकार आहे आणि जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना तो बहुधा माहीतच नसतो. गणिताच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी १९९३ पासून चालत आलेला ‘एमटीटीएस’ हा उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा २००४ साली सुरू झालेला ‘एनआययूएस’ हा पदवीस्तरीय विज्ञान उपक्रम. देशातील तीन विज्ञान अकादमींची सुमारे दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती. पुण्याच्या आयुकात खगोलशास्त्राची परिचय शाळा आणि सुट्टीतील विद्यार्थ्यांसाठीचे संशोधन प्रकल्प. यांपैकी कोणत्याही ठिकाणी प्रवेशाला मोठ्या शहरातील महाविद्यालयाची अट नाही. अडचण असते ती शिफारसपत्र देणाऱ्या, अर्ज भरायला लावणाऱ्या शिक्षकाची. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले लोणारचे विवर या जिल्ह्यात आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. देशोदेशीचे अभ्यासक त्याच्या काठावरून दगड वेचून नेतात. त्या विवरावर लिहिलेला शोधनिबंध मेहकर-लोणारच्या विद्यार्थ्याने उन्हाळ्यात शिक्षकाजवळ बसून एकदा ओळीने वाचला, तरी ती एक उन्हाळी शाळाच होईल.

या कार्यक्रमांत एक गोष्ट मात्र समान आहे. त्यांचे दार उन्हाळ्यात उघडत असले, तरी अर्जाची मुदत बरीच आधी संपते. अकादमींच्या छात्रवृत्तीची तर साधारणतः नोव्हेंबरमध्येच. महाविद्यालयांच्या उन्हाळी सत्रालाही हीच घाई लागू आहे. विषय कोणते, शिक्षक कोण, शुल्क किती आणि ते शिष्यवृत्तीत बसते का, परीक्षा कधी, श्रेयांक खात्यावर केव्हा जमा होणार, ही माहिती सूचना फलकावर फेब्रुवारीत लागली तर मुलगी ती घरी नेऊन दाखवू शकते आणि लग्नाची तारीख काढायला बसलेल्यांसमोर आठ आठवड्यांचा विषय निघू शकतो. परीक्षा सुरू झाल्यावर लावलेली सूचना वाचायला फलकासमोर कोणी थांबत नाही. शेवटच्या पेपराची घंटा होते तेव्हा सगळे साडेबाराच्या एसटीकडे धावत असतात.